तीन भोंग्यांचा हॉर्न

"वहिनी, द्या तो हॉर्न इकडं. सगळ्यांचं सामान हितंच पडलंय, तुमच्याच हॉर्नाला काय सोनं लागलंय व्हय?" इलाहीभाई म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

पासिंगच्या मैदानाच्या फाटकासमोर एक चहाची टपरी होती. टपरीच्या मागं, पत्र्याच्या आडोशाला, सकाळपासून ढीग लागत होता. कुणाच्या रिक्षातले स्पीकर, कुणाच्या लाल-निळ्या लायटींच्या माळा, कुणाचे झालरीचे पडदे, आणि हॉर्न तर विचारूच नका. रिक्षा पासिंगला घालायची म्हणजे आधी तिच्या अंगावरचं सगळं उतरवायचं, आत नेऊन साहेबाला बोडकी गाडी दाखवायची, आणि शिक्का मिळाला की बाहेर येऊन जिथल्या तिथं परत चढवायचं. हे साहेबाला ठाऊक, एजंटाला ठाऊक, टपरीवाल्याला तर ठाऊकच. तो सामान राखायचा आणि त्याबद्दल सगळे त्याच्याकडे दोन-दोन चहा जास्त प्यायचे.

"मी न्हाई ठेवणार हितं," मी म्हटलं.

"का?"

"मागल्या खेपेला त्या टेंपोवाल्याचा स्पीकर बदलून गेला, विसरलात? बोंबलत बसला होता दुपारभर."

"कधीतरी होतंय तसं. रोज थोडंच होतंय?"

"माझं एकदा जरी झालं तरी मी काय करू, इलाहीभाई? घरी जाऊन आबांना काय सांगू?"

इलाहीभाई आमच्या स्टँडचे, माझ्या नवऱ्याचे जिवाभावाचे दोस्त. त्या हॉर्नाचं काय प्रकरण आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी नुसता उसासा टाकला आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

मी हॉर्न मुरलीच्या खाकी शर्टात गुंडाळला आणि रिक्षाच्या मागच्या गादीच्या आत, पाठीच्या फळीमागं खुपसून ठेवला. तिथं कोण बघायला येतंय, असं मला वाटलं.

मुरली माझा नवरा. आदल्या श्रावणात काविळीनं गेला. आठवडाभर झाडपाला घेत बसला, डोळे हळदीसारखे झाले तेव्हा दवाखान्यात नेला, आणि तिथून तो परत आलाच नाही. त्याचं तेरावं झालं आणि माझे सासरे, आबा, अंथरुणाला खिळले. सगळी डावी बाजू गेली. दिसायचंही कमी झालं. आबा जन्मभर ट्रक चालवलेला माणूस, बंगळूर रोडवर हयात गेलेली. असा माणूस खाटेवर पडून छताकडे बघत बसलेला बघवत नसे.

त्यांच्या डोक्याचंही काही खरं राहिलं नव्हतं. जुनं सगळं लख्ख, कालचं मात्र पुसलेलं. गल्लीच्या तोंडाशी एखादी गाडी गेली तर पडल्या पडल्या सांगायचे, "हा पवाराचा टेंपो. क्लचवरनं पाय काढत न्हाई भडवा, जाळणार एक दिवस." आणि थोड्या वेळानं मलाच विचारायचे, "मुरली आला का गं?"

सुरुवातीला आम्ही खरं सांगायचो. "आबा, मुरली गेला हो." मग ते असे रडायचे की जणू आत्ताच कळलं. छाती बडवायचे ती एका हातानं, कारण दुसरा हलत नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळ झाली की परत तेच, "मुरली आला का?" आणि परत तेच रडणं. माझी नणंद मंदाक्का चार दिवस राहायला आली होती. ती जाताना मला म्हणाली, "शालन, रोज उठून बापाला लेक मारून दाखवू नको. यायचाय म्हणून सांग आणि गप्प बस."

मग मी तसं सांगायला लागले. "यायचाय अजून, आबा." तर त्यांनी जेवण सोडलं. बाप-लेकाची पहिल्यापासूनची रीत, रात्रीचं ताट दोघांनी एकत्रच घ्यायचं. "आला की बसतो," म्हणायचे आणि तोंड मिटून पडून राहायचे. मी घास भरवायला गेले तर मान फिरवायचे. दिवसाकाठी घोट-दोन घोट दूध, बस्स. डॉक्टर म्हणाला, असंच चाललं तर नाकातनं नळी घालावी लागेल आणि ह्या वयात ती सोसेलच असं नाही.

तिकडे रिक्षा दारात धूळ खात उभी होती. मुरलीनं हौसेनं मला बाजाराच्या मैदानात चालवायला शिकवली होती, पण ती चेष्टेवारी. आता चेष्टा संपली होती. इलाहीभाईंनी हिंडून परमिट माझ्या नावावर करून दिलं, लायसन-बिल्ला मिळाला आणि मी मुरलीचाच खाकी शर्ट लुगड्यावर चढवून स्टँडवर गेले. लोक बघायचे. बघेनात का! मी माझ्या पोटासाठी गेले होते.

त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी घरी येताना गल्लीच्या उतारावर कुत्रं आडवं आलं. मी दचकून बटण दाबलं. बटण होतं तीन भोंग्यांच्या हॉर्नाचं. हा हॉर्न आबांचा. त्यांनी आपल्या ट्रकसाठी हुबळीहून आणलेला. ट्रक सोडला तेव्हा मालकाला म्हणाले, "गाडी तुझी, हॉर्न माझा," आणि काढून घरी आणला. मग मुरलीनं तो रिक्षाला बसवला. एवढीशी रिक्षा आणि आवाज ट्रकाचा! मुरली रोज गल्लीच्या तोंडाशी तो वाजवायचा, पँ-पीं-पोंऽ. सगळी गल्ली त्याला हसायची.

मी घरात पाऊल टाकलं तर आबा खाटेवरून म्हणाले, "आला. वाढ पोरी आता."

मी उंबऱ्यावरच उभी राहिले. ताट घेऊन गेले तर माणूस अख्खी भाकरी जेवला. वर आमटीची वाटी तोंडाला लावून प्याला. मुरली कुठाय, हातपाय धुतोय का, काही विचारलं नाही. जेवले आणि झोपले.

तेव्हापासून रोज मी गल्लीच्या उतारावर हॉर्न वाजवायची आणि आबा जेवायचे. ते जेवले की मी जेवायची. कुठं कमी पडलं नाही, कुठं चुकलं नाही. आता तुम्हीच सांगा, असला हॉर्न मी टपरीमागच्या ढिगात कसा टाकू? घरी ठेवावा तर संध्याकाळी उतारावर वाजवणार काय, आणि इलाहीभाईंकडं द्यावा तर तेही तो ढिगातच टाकणार.

आता पासिंगचं. ही माझी तिसरी खेप होती. पहिल्या खेपेला मागच्या चमकणाऱ्या पट्ट्या चुकीच्या रंगाच्या निघाल्या. दुकानदारानं ज्या दिल्या त्या मी लावल्या, मला काय स्वप्न पडलंय? दुसऱ्या खेपेला दिवसभर रांगेत उभी राहिले, माझा नंबर आला आणि साहेब मीटिंगला गेले. येऊन बघितलं तर म्हणे, मागं मजकूर लिहिलाय तो काढून आणा. मागं मुरलीनं पेंटरकडून रंगवून घेतलं होतं, 'आबांची कृपा', दोन्ही बाजूंना एकेक गुलाब. मी साहेबांना म्हटलं, "ह्यानं गाडीचं ब्रेक निकामी होत्यात काय?" तर कागद परत. परत तारीख, परत खाडा. पासिंग नाही म्हणून हमरस्त्याला गाडी काढायची चोरी, पोलीस टपूनच. चार गल्ल्यांतली भाडी मारून कुठं पोट भरतंय? जो येईल तो म्हणायचा, ह्या महिन्यात पास करून घे, न्हाईतर परमिट गेलं समज.

मग मी दारात बसून ब्लेडनं ती अक्षरं खरवडली. आतून आबांनी विचारलं, "काय खरवडतीस गं?"

"गंज चढलाय, आबा," मी म्हटलं.

"हं," एवढंच म्हणाले.

गुलाब आधी काढले, मग 'कृपा', आणि 'आबा' शेवटी. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. मुरली गेला तेव्हाही आलं नव्हतं. बायका म्हणायच्या, हिचं काळीज दगडाचं आहे. मला कुठं सवड होती? एकाला पोचवून आले आणि दुसऱ्याच्या उशाला बसले.

दुपार कलली तेव्हा माझा नंबर आला. साहेबांचं नाव देशमाने. उन्हानं रापलेला, मानेभोवती रुमाल गुंडाळलेला माणूस. सकाळपासून उभाच होता, हे मी बघत होते.

"चालक कुठाय?" माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं.

"मीच."

"तुम्ही चालवता?"

"का? हँडलला मिशा लागत्यात काय?"

रांगेतले सगळे फिदीफिदी हसले. साहेब हसले नाहीत. "घ्या, पुढे न्या, आणि मी हात केला की ब्रेक मारा," म्हणाले.

मी गाडी नेली, ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी थांबली. दिवे लावले, इंडिकेटर दाखवले, वायपर फिरवला. साधा हॉर्न वाजवून दाखवला, पोंक. मीटर बघितलं, पट्ट्या बघितल्या, मागं जिथं अक्षरं होती तिथं त्यांनी बोट फिरवलं आणि मान हलवली. मी मनात म्हटलं, झालं बाई. सुटले.

"चेसीच्या नंबराचा छाप घ्यायचाय," ते म्हणाले. शिपाई कागद-पेन्सिल घेऊन वाकला. साहेबही वाकले, आणि त्यांना हँडलखाली दोन वायरी दिसल्या. चिकटपट्टी लावलेल्या.

"ही वायर कशाची?"

"जुनी हाय कसलीतरी."

"चिकटपट्टी तर आजची दिसते." माझ्याकडे न बघता ते शिपायाला म्हणाले, "मागची गादी उचल."

इलाहीभाई फाटकाशी उभे होते, त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. शिपायानं फळीमागून खाकी गाठोडं ओढून काढलं.

"काय आहे हे?"

"कपडे."

"उघडा."

मी उघडलं नाही. शिपायानं उघडलं. तिन्ही भोंगे उन्हात चमकले. सकाळीच मी ते राखेनं घासले होते, कशाला कुणास ठाऊक.

साहेबांनी मोठा श्वास सोडला. "अहो ताई," ते हळू आवाजात म्हणाले, "सगळं जग समोर टपरीत ठेवून येतं. मी काय आंधळा आहे का? बाहेरचं मी विचारत नाही. पण हा तुम्ही आत आणलात, माझ्या हातात आला, एवढ्या लोकांदेखत. आता मी काय करू?"

"द्या माझ्याकडं आणि काय! गाडीला लावलेला तर न्हाई ना?"

"आत सापडलेला हॉर्न इथंच फोडायचा, असा हुकूम आहे." त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं एक माणूस घण घेऊन बसला होता आणि त्याच्यापुढे भोंग्यांचा चेंदामेंदा पडला होता. मी सकाळपासून तो ठणठणाट ऐकत होते. आत कुणाची तरी गाडी दुरुस्त करतात, असं मला वाटलं होतं.

मग मात्र माझा तोल गेला. "हुकूम काढणाऱ्याच्या घरात म्हातारं माणूस न्हाई काय? रस्त्यातले खड्डे कुणी पास केले ते सांगा आधी! त्या खड्ड्यांतनं गाडी चालवायची आम्ही, आणि हॉर्न फोडायचा आमचा!"

रांगेतून कुणीतरी "बरोबर हाय बाईंचं" म्हणालं. साहेबांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. असलं ते रोज ऐकत असणार.

मग मी आवाज उतरवला. मला विनवणी करायची सवय नाही, पण केली. सगळं सांगितलं. मुरलीचं, आबांचं, जेवणाचं. सांगता सांगता माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. असलं काही खरं असतं का कुठं?

साहेब म्हणाले, "ताई, ह्या मैदानात येणाऱ्या प्रत्येकाच्या घरी कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं असतं."

"माझ्या घरी खरंच हाय!"

"प्रत्येकाच्याच घरी खरंच असतं," ते म्हणाले. ते चेष्टेनं म्हणाले नाहीत, हे मात्र मला सांगितलंच पाहिजे. त्यांनी तो खाकी शर्ट उचलला. खिशावर बिल्ल्याची भोकं होती. ती बघितली, शर्टाची घडी घालून माझ्या हातात दिली आणि शिपायाला जरा लांब जायला सांगितलं.

"एक करतो. गाडी बाहेर काढा. आज मी ती बघितलीच नाही, असं धरतो. हॉर्न घरी न्या. पुढची तारीख घ्या आणि नीट या."

"पुढची तारीख कधीची?"

"पुढच्या महिन्यातली मिळेल."

"आणि तवर परमिट?"

त्यांनी रुमालानं मान पुसली. "ते माझ्या हातात नाही," म्हणाले.

मी तिथंच उन्हात उभी राहिले. मागं रांगेतले पोंक पोंक करायला लागले. रिक्षा गेली तर भाकरी कशाची करू? आणि हॉर्न गेला तर केलेली भाकरी ते खाणार कसे? ह्यातलं कुठलं आधी धरावं, हे सांगायला माझ्याजवळ कुणी नव्हतं. मुरलीचा भयंकर राग आला मला. खरंच सांगते, त्या वेळी तो समोर असता तर मी त्याच्या मुस्काटात मारली असती. चांगला दवाखान्यात जायचं सोडून झाडपाला घेत बसला.

"फोडा," मी म्हटलं.

"विचार करा."

"केला. फोडा आणि शिक्का द्या."

घणवाल्यानं पहिला भोंगा फोडला तेव्हा मी बघितलं. पुढचे दोन बघितले नाहीत. साहेबांनी कागदावर शिक्का मारला आणि म्हणाले, "गाडी उत्तम ठेवलीय." मी थँक्यू म्हटलं नाही.

बाहेर आले तर इलाहीभाई म्हणाले, "चला, जुन्या बाजारात बघू. तसलाच मिळतोय का." आम्ही भंगारवाल्यांच्या गल्लीत हिंडलो. एकेक हॉर्न बॅटरीला लावून वाजवायला लावला. कुठला कोंबड्यासारखा ओरडायचा, कुठला नुसताच किंचाळायचा. एक भंगारवाला वैतागून म्हणाला, "हॉर्न घ्यायचाय का सनई?" इलाहीभाई त्याच्या अंगावर धावून गेले. मीच त्यांना ओढून बाहेर काढलं. तेव्हा मोबाईलमध्ये आवाज धरून ठेवायची सोय आमच्यासारख्यांकडे कुठली असायला? वाजवला तेवढा आवाज, आणि संपला.

"मी येतो घरी," इलाहीभाई म्हणाले. "म्हातारबाबांना काहीतरी सांगू."

"काय सांगणार?"

त्यांना तिथंच सोडून मी एकटीच निघाले.

गल्लीच्या उतारावर आले. अंगठा सवयीनं बटणावर गेला. बटण दाबलं, काहीच झालं नाही. दिवेलागणीची वेळ होती. दुसरा गियर तसाच ठेवून मी नेहमीसारखी हळूहळू उतरले, दारात गाडी लावली आणि सीटवर बसून राहिले. आत जायचं धाडस होईना.

गेले शेवटी. आबा जागेच होते. मी हातपाय धुतले, दिवा लावला. हॉर्न वाजला नाही, तर पहिल्यासारखं "मुरली आला का" येईल म्हणून कान तिकडे लावून. ते येईना. मग मीच म्हटलं, "आबा, मुरली आलाय. भाकरी टाकू?"

तोंडानं हे खोटं मी पहिल्यांदा बोलले. आजवर हॉर्न बोलत होता.

आबांनी मान माझ्याकडं वळवली. मग म्हणाले, "पासिंगला नेलीस गाडी?"

मी हातातली परात खाली ठेवली.

"पास झाली?"

"झाली."

"मग हॉर्न लावला न्हाईस परत?"

"फोडला, आबा. साहेबानं फोडला."

"तिन्ही?"

"तिन्ही."

त्यांनी उजवा हात चादरीवर दोन वेळा फिरवला. "चांगला होता," म्हणाले. "हुबळीला घेतला तवा तुझा नवरा रांगत होता."

मी खाटेशेजारी जमिनीवर बसले. "आबा, तुमास्नी ठाव होतं?"

"काय, मुरली गेल्याचं?" ते छताकडे बघत म्हणाले. "आधी विसरायचो गं. देवाशपथ विसरायचो. तुमी सांगायचा आणि दुसऱ्या दिवशी डोस्कं कोरं. मग एक दिवस हॉर्न वाजला. मला वाटलं, आला. मी कान देऊन ऐकाय लागलो. तर गाडी गियरमधी उतरली."

मी खाटेजवळ सरकले.

"मुरली उताराला कधी गियरमधी आला? न्यूट्रल करून सोडायचा गाडी. पेट्रोल वाचवतोय म्हणायचा. शंभरदा शिव्या घातल्या त्याला, ब्रेक लागला न्हाई तर भिताडात जाशील म्हणून. ऐकला कधी? आणि ही गाडी दुसऱ्या गियरमधी, भीत भीत, कुथत आली दारापातूर. मी म्हटलं, हा मुरली न्हवं. ही शालन हाय. मुरली गेला." त्यांचा आवाज जरा चिरकला. "ते मग पुसलंच न्हाई डोस्क्यातनं."

म्हणजे ज्या संध्याकाळी ते पहिल्यांदा पोटभर जेवले, मला वाटलं म्हाताऱ्याला मुलगा परत मिळाला, त्याच संध्याकाळी त्यांचा मुलगा कायमचा गेला होता. आणि ते मला म्हणाले होते, "आला. वाढ पोरी."

"मग आबा, तसं का म्हटलासा? रोज का जेवलासा त्या हॉर्नावर?"

"तुझ्यापायी."

"माझ्यापायी?"

"तू हॉर्न वाजवून घरात यायचीस न्हवं, तुझा आवाज येगळा असायचा. दिसभर कुणाशी भांडल्यागत बोलणारी तू, तेवढ्यापुरती घरधनी आल्यागत बोलायचीस. 'आबा, वाढते हां,' म्हणायचीस. भांडी वाजवायचीस. मला वाटलं, पोरीनं अजून नवऱ्याला सोडला न्हाई. तिचा तिला सोडू दे. मी कशाला मधी बोलू? मी जेवलो न्हाई तर तू जेवत न्हाईस, ते येगळंच."

मी आबांना फसवतेय असं मी इतके महिने समजत होते. उतारावर बटण दाबताना माझं स्वतःचं काय होत होतं, हे मी कधी बघितलंच नव्हतं. त्या आवाजानंतर घराच्या दारापर्यंतचा जो रस्ता होता ना, तेवढ्यात मुरली माझ्या शेजारी असायचा. असायचाच. दार आलं की जायचा.

"आज चूल पेटवू नको," आबा म्हणाले. "ज्या दिवशी माणूस जातंय त्या दिवशी चूल पेटत न्हाई."

आणि मग मला रडू आलं. ते साधं रडू नव्हतं. मी ओरडले. मुरलीला सरणावर ठेवला तेव्हा जे ओरडायला पाहिजे होतं ते तेव्हा ओरडले. आबांनी आपला चांगला हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि ते स्वतःही रडायला लागले.

शेजारच्या हौसाकाकू पळत आल्या. त्यांना वाटलं, आबा गेले. दारात येऊन बघतात तर म्हातारा जिवंत, आणि आम्ही दोघं असे.

"काय झालं गं बाई? काय झालं?"

आबाच म्हणाले, "हौसा, मुरली गेला गं."

हौसाकाकूंनी माझ्याकडे बघितलं. मुरलीच्या मातीला त्या आल्या होत्या, तेरा दिवस माझ्याबरोबर राबल्या होत्या. पण त्यांनी एका शब्दानं काही विचारलं नाही. पदर तोंडाला लावला, माझ्याजवळ बसल्या आणि माझी मान आपल्या खांद्यावर घेतली. मग उठून आपल्या घरी गेल्या आणि पिठलं-भाकरी घेऊन आल्या, जशी मयताच्या घरी आणतात तशी, फडक्याखाली झाकून.

"हिला आधी दे," आबा म्हणाले.

मी जेवले. मग त्यांना दोन घास भरवले. ते त्यांनी गिळले.

आबा दिवाळीपर्यंत होते. खायचे थोडंथोडं. पण "मुरली आला का" हे त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मी संध्याकाळी यायची, दारात गाडी लावायची आणि ते आतून एवढंच म्हणायचे, "प्लग बदल गं, मिसिंग करतीया." त्यांचा कान शेवटपर्यंत शाबूत होता.

पुढच्या वर्षी पासिंगची तारीख आली. इलाहीभाई सोबत आले होते. टपरीमागं तसाच ढीग लागला होता, पडदे, माळा, स्पीकर. "तुमचं काय ठेवायचंय, वहिनी?" टपरीवाल्यानं विचारलं. काही नाही, मी म्हटलं. आत तेच देशमाने साहेब होते. त्यांनी मला ओळखलं. ब्रेक बघितला, दिवे बघितले, गादी उचलून बघितली आणि शिक्का मारला. गाडीत काढण्यासारखं काही राहिलंच नव्हतं, त्यामुळे ती पहिल्याच खेपेला पास झाली.